धरलं तर चावतं

माझे जावई शांत स्वभावाचे आहेत, असं लेकीचं लग्न ठरलं तेव्हा मी झाडून साऱ्या नातेवाइकांना सांगितलं होतं. ते खोटं नाही. ऑक्टोबर ते जून एवढे महिने सोडले, तर त्यांच्याइतका शांत माणूस शोधून सापडायचा नाही. पण हे महिने पडले बर्फावरच्या हॉकीचे, आणि जावई राहतात कॅनडात, एडमंटनला. तिथल्या ऑयलर्स ह्या संघाने स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएल ह्या लीगचा करंडक, शेवटचा जिंकला तो १९९० साली. तेव्हा जावई डोंबिवलीच्या बालवाडीत डबा खात होते. तरी त्या कपाचं दुःख त्यांना इथल्या जुन्या माणसांपेक्षा जास्त आहे. नागरिकत्वाच्या शपथेत त्याचं एक वेगळं कलम असावं, असा माझा संशय आहे.

माझं माहेर खडकीचं. धनराज पिल्ले ज्या खडकीचा, तीच ही खडकी. त्यामुळे हॉकी मला नवी नव्हती. ती पायांत पाती बांधून, एकमेकांना फळीवर आपटत खेळतात, हे मात्र नवं होतं. पहिल्या हिवाळ्यात मी स्वेटर विणता विणता एक डोळा टीव्हीकडे ठेवायची. दुसऱ्या हिवाळ्यात विणकाम सुटलं. आता लेक म्हणते, "आई, तू तरी त्यांना चढवू नकोस गं."

चढवायला मी कशाला पाहिजे? त्यासाठी त्यांचे नागपूरकर मित्र आहेत. शनिवारी संध्याकाळी दोघं कोचावर बसतात आणि गेली काही वर्षं एकाच प्रश्नाचा काथ्याकूट करतात: गोलकीपर ठेवायचा की काढायचा? गोलकीपर म्हणजे तेव्हा स्टुअर्ट स्किनर. वर्षाला २६ लाख डॉलर पगार, जो ह्या धंद्यात फार नाही. मुलगा एडमंटनचाच, इथेच जन्मला, इथेच बर्फावर पडत-उठत शिकला आणि २०१७ साली गावच्याच संघाने त्याला उचलला. जावयांचं म्हणणं, आपला पोरगा आहे, सांभाळून घ्या. नागपूरकरांचं म्हणणं, "काकू, तुम्हीच सांगा न, येवढा साधा गोल कोणी खाते का? काढून टाका न त्याले!" गावचा मुलगा असणं हे दुधारी असतं. बाहेरच्याला माणसं बोलताना थोडी बिचकतात. गावच्याला त्याच्या शाळेतल्या बाईंसह सगळे बोलू शकतात.

माझ्याकडे निवाडा आला की मी चहा टाकायला उठते. पण मनात विचार चालूच राहतो, कारण मी आयुष्यभर गणित शिकवलं आणि आकडा दिसला की मला गप्प बसवत नाही.

बर्फावरच्या हॉकीत गोलची चौकट सहा फूट रुंद आणि चार फूट उंच. पक म्हणजे तीन इंच व्यासाची, इंचभर जाडीची कडक रबराची चकती. ती जास्त उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात आणि मग ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगाने एका माणसाच्या अंगावर मारतात. एका सामन्यात असे पंचवीस-तीस फटके. त्यांतले किती अडवले ह्याची टक्केवारी काढतात आणि तीच त्या माणसाची पत्रिका. २०२४-२५च्या साखळीत स्किनरची टक्केवारी होती ८९.६. माझ्या वर्गातल्या पोराला एवढे पडले असते, तर त्याच्या आईने पेढे आणले असते. इथे मात्र हा काठावर नापास. कारण सगळ्या गोलकीपरांची सरासरी पडते साधारण ९०.

आता गंमत बघा. सरासरीत आणि स्किनरमध्ये अंतर शेकडा ०.४चं. सामन्याला पंचवीस फटके धरले, तर हा फरक पडतो दहा सामन्यांत एका गोलाचा. म्हणजे सरासरीचा गोलकीपर आणला असता, तर नऊ सामने सगळं जिथल्या तिथे राहून दहाव्यात एक चकती अडली असती. त्या एका चकतीसाठी आमच्या कोचाची स्प्रिंग गेली. हे मी कागदावर मांडून नागपूरकरांना दाखवलं. त्यांनी कागद नीट वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "बरोबर हाये काकू. पण तो एक गोल तो नेमका कधी खाते, ते बघा न."

ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सरासरीला वेळ कळत नाही.

गोल झाला की काय होतं, ते एकदा मैदानावर बघावं. जावयांनी मला एकदा नेलं होतं, अंगावर तीन थर चढवून. गोलच्या मागे लाल दिवा पेटतो. आपल्या गोलकीपरने गोल खाल्ला की अठरा हजार माणसांतून एक लांब सुस्कारा निघतो, आणि वर टांगलेल्या अवाढव्य पडद्यावर तोच गोल पुन्हा दाखवतात. मग दुसऱ्या बाजूने. मग सावकाश. बाकीचे खेळाडू तोवर बाकावर जाऊन बसलेले असतात, हेल्मेट खाली, मान खाली. ज्याच्या काठीतून पक निसटला तो कोण, हे पाच मिनिटांनी कुणाला आठवतही नाही. गोलकीपरला मात्र बाक नाही. तो तिथेच उभा. त्याने मुखवटा वर सरकवला, जाळ्यावर ठेवलेली पाण्याची बाटली घेतली, तोंडात एक पिचकारी मारली आणि बाटली अशी काही लक्षपूर्वक न्याहाळली, की जणू तिच्यावर पुढच्या फटक्याची दिशा छापलेली आहे. मग बाटली जागेवर. काठीने डावा खांब ठोकला, उजवा खांब ठोकला, दोन्ही पायांनी समोरचा बर्फ खरवडला आणि तो पुन्हा वाकून उभा राहिला. पुढचा फटका अगदी पोरकट होता, त्याच्या पोटावर येऊन थांबला. त्याबरोबर मैदानात टाळ्यांचा कडकडाट. मला वाटलं, किती चांगली माणसं, धीर देतायत. जावयांनी सांगितलं, ह्या टाळ्या टोमण्याच्या आहेत. टोमणा मारण्यात आपण पुणेकर पहिले, असा माझा समज होता. तो त्या रात्री एडमंटनच्या बर्फावर सोडून आले.

आता इतिहास थोडक्यात. स्किनरच्या आधी ह्या संघाने जॅक कॅम्पबेल नावाचा गोलकीपर पाच वर्षांच्या करारावर, वर्षाला ५० लाख डॉलर देऊन आणला होता. २०२३च्या नोव्हेंबरात त्याला खालच्या संघात पाठवलं. आठवड्याच्या आत प्रशिक्षकालाही घरी पाठवलं. म्हणजे स्किनर आला तोच काढलेल्या माणसाच्या जागेवर, आणि नंतर 'काढा काढा' म्हणणारे तेव्हा त्याच्या बाजूने होते. २०२४च्या बाद फेरीत व्हँकुव्हरविरुद्ध स्किनरचा सूर गेला, तर कॅल्विन पिकर्ड ह्या बदली गोलकीपरला दोन सामने उभा केला. मग स्किनर परत आला तो थेट अंतिम फेरीपर्यंत गेला. तिथे फ्लॉरिडाविरुद्ध तीन सामने हरून संघाने पुढचे तीन जिंकले, आणि सातवा २-१ असा गमावला.

पुढच्या वर्षी पुन्हा तेच. लॉस एंजेलिसविरुद्ध पहिले दोन सामने गेले, स्किनर बसला, पिकर्ड आला. कानामागून आला आणि तिखट झाला, म्हणावं तर लागोपाठ सहा सामने जिंकले! नागपूरकर तर पिकर्डच्या नावाचा शर्ट मागवणार होते. तेवढ्यात पिकर्डला दुखापत झाली आणि स्किनरला परत बोलावणं आलं. पहिला सामना तो हरला, शेवटचा अर्धा सेकंदही पुरता शिल्लक नसताना गोल खाऊन. त्या रात्री जावई जेवले नाहीत. आणि त्यानंतरच्या लागोपाठ दोन सामन्यांत ह्याच गृहस्थाने एकही गोल होऊ दिला नाही. संघ पुन्हा अंतिम फेरीत.

इथे मी चहा बाजूला ठेवून माझं मत दिलं. ते असं: गोलकीपरला चार दिवस माहेरी पाठवावं आणि परत आणावं. सून माहेरी गेली की घरातल्यांना पहिल्या दिवशी मोकळं वाटतं, दुसऱ्या दिवशी कुठला डबा कुठे आहे ते सापडत नाही, आणि तिसऱ्या दिवशी सगळे आपापलं ताट उचलायला लागतात. नवा गोलकीपर उभा राहिला की बाकीच्या मंडळींचं नेमकं हेच होतं. इतके दिवस मागे स्किनर आहे, तो बघून घेईल, म्हणून पुढे उंडारणारे बचावपटू एकदम जबाबदार होतात. पक अडवायला आडवे पडतात. आणि पुढचे जास्त गोल करतात, कारण मागे कोण आहे ह्याची धास्ती असते. सहा सामने जिंकलेल्या पिकर्डची टक्केवारी काढून बघा. तीही नव्वदीच्या खालीच होती. जिंकले ते बाकीच्यांना घाम फुटला म्हणून.

पुरावा मागाल, तर देते. २२ फेब्रुवारी २०२०, टोरोंटो. पाहुण्या कॅरोलायना संघाचे दोन्ही गोलकीपर जायबंदी झाले. अशा वेळेसाठी तेव्हाच्या नियमाप्रमाणे यजमान मैदानावर एक हौशी गोलकीपर हजर ठेवलेला असे, ज्याला कुणी कधी बोलावत नसे. त्या रात्रीचा होता डेव्हिड एअर्स. वय ४२, मूत्रपिंड बदललेलं, टोरोंटोतल्याच एका बर्फाच्या मैदानाची व्यवस्था पाहणारा, बर्फ गुळगुळीत करायची गाडी चालवलेला माणूस. आला, आणि पहिल्या दोन फटक्यांवर त्याने दोन गोल खाल्ले. इथून पुढे कॅरोलायनाचे खेळाडू असे काही खेळले, की टोरोंटोसारख्या मातब्बर संघाला उरलेल्या वेळात त्याच्यापर्यंत आठच फटके पोचवता आले. आठही त्याने अडवले. सामना कॅरोलायनाने ६-३ असा जिंकला. गाडीवाला रातोरात जगप्रसिद्ध झाला, आणि व्हायलाच हवा होता. पण माझं लक्ष त्या आठ ह्या आकड्यावर खिळलं. मागे कच्चा माणूस आहे म्हटल्यावर ही मंडळी एवढी राबू शकतात, तर मागे पक्का माणूस असताना काय करत असतात?

"म्हणजे कच्चाच ठेवायचा का काकू?" नागपूरकरांनी विचारलं. वकिली करायला हवी होती त्यांनी.

माहेरी पाठवायच्या माझ्या तोडग्याची हवा अर्थात २०२५च्या जूनमध्येच गेली. अंतिम फेरीत पुन्हा फ्लॉरिडा. तिसऱ्या सामन्यात स्किनरला अर्ध्यातून बाहेर बोलावलं. चौथ्यात पहिल्या वीस मिनिटांत तीन गोल, पुन्हा बाहेर, पिकर्ड आत. आणि तो सामना जादा वेळेत ५-४ असा जिंकला. मग पाचव्यात पिकर्डला पहिल्यापासून उभा केला, तर ५-२ हरले. सहाव्यात स्किनर, ५-१ हरले. माहेर-सासर, माहेर-सासर अशा आठवड्यात दोन खेपा झाल्या, की कुणालाच कशाची धास्ती राहत नाही.

दुसरं एक माणूस माझ्या लक्षात राहिलं ते त्याच मोसमातलं. उपांत्य फेरीत डॅलसचे प्रशिक्षक होते पीट डीबोर. हरले की घरी, अशा पाचव्या सामन्यात त्यांचा गोलकीपर जेक ऑटिंजर ह्याने पहिल्या दोन फटक्यांवर दोन गोल खाल्ले. सामना सुरू होऊन सात मिनिटं झाली होती. डीबोरांनी त्याला उठवलं. बदली आला, थोड्याच वेळात त्यानेही एक खाल्ला, आणि डॅलस हरलं. वर डीबोरांनी पत्रकारांसमोर ऑटिंजरचा एडमंटनविरुद्धचा हिशेबही वाचून दाखवला: सातांतले सहा सामने हरलाय. आता ह्या ऑटिंजरशी संघाने काही महिन्यांपूर्वीच आठ वर्षांचा, ६ कोटी ६० लाख डॉलरचा करार केलेला. मालकांनी दोघांकडे बघितलं, कागद बघितला, आणि आठवड्याभरात गोलकीपर ठेवायचा की काढायचा ह्या प्रश्नाचा निकाल लागला. प्रशिक्षकाला काढलं.

न काढण्याचंही एक उदाहरण आहे, आणि ते जास्त जुनं आहे. २ डिसेंबर १९९५, माँट्रिआल. पॅट्रिक रुआ हा तिथला देव. त्या रात्री डेट्रॉइटने त्याच्यावर गोलांचा पाऊस पाडला. कुठल्याही प्रशिक्षकाने चार-पाच गोलांनंतर त्याला बाहेर घेतलं असतं. नवे प्रशिक्षक मारियो त्रेम्ब्ले आणि रुआ ह्यांचं पटत नव्हतं. त्यांनी त्याला ठेवला. सहा झाले, सात झाले. एक सोपा फटका अडवला तेव्हा मैदानाने त्या टोमण्याच्या टाळ्या वाजवल्या, आणि रुआने दोन्ही हात वर करून त्या स्वीकारल्या. नऊ गोल खाल्ल्यावर त्याला बाहेर घेतलं. बाकाकडे येताना तो प्रशिक्षकांना ओलांडून मागे बसलेल्या संघाच्या अध्यक्षांपाशी गेला आणि माँट्रिआलसाठी हा आपला शेवटचा सामना, असं सांगून आला. सामना ११-१ असा संपला. चार दिवसांत त्याला कोलोरॅडोला दिलं, आणि पुढच्या जूनमध्ये कोलोरॅडोने कप जिंकला. म्हणजे ठेवण्यातही अपमान करता येतो. काढण्यापेक्षा जास्तच करता येतो.

आणि ज्याने दोन्ही वर्षी एडमंटनचा घास काढला, तो फ्लॉरिडाचा सर्गेई बॉब्रॉव्स्की? ७ वर्षांचे ७ कोटी डॉलर घेऊन आला तेव्हा पहिली काही वर्षं फ्लॉरिडात त्याच्या नावाने शंखच होता. २०२३च्या बाद फेरीची सुरुवात त्याने बाकावर बसून केली. त्याला काढावा असं बऱ्याच जणांना वाटत होतं; पण एवढा पगार द्यायला दुसरा संघ कोण तयार होणार? तेव्हा तो राहिला, आणि २०२४ व २०२५ असे दोन कप जिंकून बसला. पुष्कळ संसारही असेच टिकलेले मी पाहिलेत, पण तो विषय जावयांसमोर नको.

हे सगळं मी चवीने ऐकते, सांगते. पण गोलकीपर काढण्याचा विषय निघाला की माझ्या पिढीच्या माणसाला बर्फ दिसत नाही, हिरवळ दिसते. १ डिसेंबर १९८२. दिल्लीचं आशियाड, नॅशनल स्टेडियम, भारत-पाकिस्तान अंतिम सामना. रंगीत टीव्ही नुकता आला होता आणि आमच्या आळीत तो एकाच घरी होता. त्या घरात त्या दिवशी चपला ठेवायला जागा नव्हती. पहिला गोल भारताने केला. त्यानंतर पाकिस्तानने सात केले. घरच्यांनी चहा केला होता, तो कुणी प्यायला नाही. आपल्या गोलमध्ये उभे होते मीर रंजन नेगी. सात वेळा पडद्यावर तेच दिसले, आणि ज्यांच्यामधून पाकिस्तानचे खेळाडू वाट काढून सुटत होते ते त्या पडद्याबाहेर राहिले. खापर फोडायला एकच डोकं समोर होतं. नुसता वाईट खेळला एवढ्यावर लोक थांबले नाहीत. पैसे खाल्ले इथपर्यंत गेले. आमच्या आळीत तर रक्कमसुद्धा ठरली होती, आणि ती रोज वाढत होती. अहो, सात गोल एकटा माणूस खाऊ शकत नाही, त्याला वाढणारे लागतात. पण हे त्या वेळी म्हणायची कुणाची छाती नव्हती. नेगींची खेळाडू म्हणून कारकीर्द तिथेच संपल्यात जमा झाली.

पुढचा भाग लोकांना 'चक दे! इंडिया'मुळे अर्धामुर्धा माहीत आहे. २००७च्या त्या सिनेमातल्या मुलींना हॉकी शिकवली ती नेगींनी. पण त्याच्या आधीचं एक साल मला जास्त मोलाचं वाटतं. १९९८, बँकॉक. आशियाई स्पर्धेत भारत अंतिम फेरीत, कर्णधार आमच्या खडकीचा धनराज, आणि गोलकीपरांना तयार करायला सोबत नेलेले प्रशिक्षक मीर रंजन नेगी. दक्षिण कोरियाविरुद्ध सामना पेनल्टी स्ट्रोकवर गेला. गोलमध्ये आशिष बल्लाळ. त्याने त्यांतले काही स्ट्रोक अडवले आणि १९६६ नंतर पहिल्यांदा भारताला आशियाई सुवर्ण मिळालं. खडकीत तेव्हा काय झालं असेल, ते सांगायला नको. आणि त्यानंतर काही दिवसांतच पुढच्या मालिकेसाठी संघ निवडला, त्यात धनराज नव्हता आणि बल्लाळही नव्हता. विश्रांती दिली, असं सांगण्यात आलं. प्रशिक्षक एम. के. कौशिक ह्यांनाही नारळ मिळाला.

मी हे जावयांना सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आई, म्हणजे सात खाल्ले म्हणून एकाला काढला आणि सुवर्ण आणलं म्हणून दुसऱ्याला?" मी म्हटलं, "तुमच्या एनएचएलमध्ये निदान टक्केवारी तरी बघतात."

ठेवायचा आणि काढायचा ह्यापलीकडे बर्फावरच्या हॉकीत तिसरा एक मार्गही आहे. सामना संपायला दोन-तीन मिनिटं उरली आणि आपण एका गोलने मागे असलो, की प्रशिक्षक गोलकीपरला बाहेर बोलावतो आणि त्याच्या जागी एक जादा चढाई करणारा आत सोडतो. गोल रिकामा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, गडी बाथरूमला गेला. जावई आणि नागपूरकर दोघंही त्या वेळी उभे राहून ओरडत होते. मग समोरच्या कुणीतरी लांबून पक नुसता ढकलून दिला आणि तो सावकाश, बर्फावरून सरकत सरकत त्या रिकाम्या चौकटीत गेला. बहुतेक वेळा हेच होतं म्हणतात. त्या रात्री एक गोष्ट मात्र विशेष घडली. त्या गोलसाठी नागपूरकरांनी स्किनरला बोल लावला नाही. म्हणजे लावायला सुरुवात केली होती. मग त्यांच्या लक्षात आलं, तो तिथे नव्हता.

आणि मग १२ डिसेंबर २०२५ ला बातमी आली. स्किनरला पिट्सबर्गला दिलं आणि तिकडचा ट्रिस्टन जॅरी घेतला. सोबत इकडून एक बचावपटू, तिकडून एक तरुण खेळाडू, अशी देवाणघेवाण होतीच. जावयांनी हातातला घास खाली ठेवला. मी जॅरीची माहिती काढली, कारण घरात नवा माणूस येतोय तर चौकशी करायलाच हवी. तर काय! ह्या जॅरीलाही त्याच वर्षीच्या जानेवारीत पिट्सबर्गने 'कुणाला हवा असेल तर घेऊन जा' म्हणून बाहेर ठेवला होता. नियमाप्रमाणे एकूण एक संघांना विचारणा झाली. कुणी हात वर केला नाही, आणि त्याला खालच्या संघात खेळावं लागलं. म्हणजे दोन गावांनी आपापली तक्रार अदलाबदल करून घेतली होती. पिट्सबर्गच्या एखाद्या कोचावरही कुणी नागपूरकर असणार, आणि तो त्या रात्री आनंदात असणार. जॅरीचं तरुणपण मात्र एडमंटनच्याच कुमार संघात गेलेलं, २०१४ साली तो संघ मेमोरियल कप जिंकला तेव्हा गोलमध्ये तोच होता. तेव्हा सून अगदीच परक्या गावची नाही, एवढं मी जावयांना सांगून पाहिलं.

त्यांनी ऐकलं नाही. स्किनर नाव आणि ७४ हा आकडा पाठीवर असलेला त्यांचा शर्ट त्यांनी धुऊन, इस्त्री करून पुन्हा खुंटीला लावला. लेक म्हणाली, "अहो, आता तो घालून कुठे जाणार तुम्ही?" ते म्हणाले, "घरात घालीन."

नागपूरकर शनिवारी आले ते हातात मिठाईचा डबा घेऊनच. एक तास मजेत गेला. मग जॅरीचे सामने मोबाइलवर मागे-पुढे करून बघता बघता त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "गोली बरा हाये काकू," ते म्हणाले. "पण मले एक सांगा. येवढा बरा असता, तर पिट्सबर्गवाल्यांनी सोडला काहून असता?"

जावयांनी ह्यावर एक शब्द काढला नाही. त्यांना बोलायला वेळच नसतो हल्ली. पिट्सबर्गचं घड्याळ आमच्यापेक्षा दोन तास पुढे. तिथला सामना संध्याकाळी सातला सुरू झाला, की एडमंटनला पाच वाजलेले असतात. तेव्हा पाच ते साडेसात ७४ नंबरचा शर्ट घालून स्किनरची काळजी, आणि सात वाजल्यापासून दुसऱ्या पडद्यावर जॅरीची. मधला अर्धा तास दोघांची एकदम. लेक परवा स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली, "आई, एक गोलकीपर गेला म्हणून मी सुटले असं समजत होते. आता दोन झाले!" मी काही बोलले नाही. पोळ्या मात्र आता साडेचारलाच करून टाकते.